काचेवरचे चित्र आणि काचेपलीकडचे जग

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपल्या घराघरांत वडीलधाऱ्यांच्या तोंडी असते. ती उच्चारताना त्यांच्या मनात बहुधा माणसांचा दुटप्पीपणा असतो. दृष्टिशास्त्राशी तिचा संबंध सहसा कोणी जोडत नाही. परंतु गेल्या अर्धशतकात संशोधकांच्या एका लहानशा वर्गाने या म्हणीचा शब्दशः अर्थ घेतला आणि तो मोजपट्टीने मोजला. एखादी वस्तू जेथे दिसते तेथे ती नसेल, तर ती किती अलीकडे वा पलीकडे भासते, कोणाला अधिक चुकीची भासते आणि तसे का होते, याचा त्यांनी पद्धतशीर शोध घेतला. त्या शोधाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ज्या उपकरणाभोवती हा इतिहास फिरतो ते समजून घेऊ. तिन्हीसांजेनंतर दिवे लागलेल्या एस.टी.च्या खिडकीतून बाहेर पाहिले, तर काचेतून रस्त्याकडेची झाडे दिसतात आणि त्याच काचेत गाडीतला दिवाही दिसतो. दिवा जणू झाडांच्या रांगेतच टांगलेला आहे, असे वाटते. काच त्या वेळी खिडकीही असते आणि आरसाही. आता असेच काचेचे दोन लहान तुकडे डोळ्यांपुढे तिरपे बसवले, त्यांच्या कडेला दोन चिमुकली चित्रपटले ठेवली आणि त्यांवर संगणकाने रेखाटलेले चित्र पाठवले, की धारण करणाऱ्यास समोरची खरी खोलीही दिसते आणि त्या खोलीत तरंगणारी, प्रत्यक्षात नसलेली वस्तूही दिसते. डोक्यावर बसवायच्या अशा उपकरणाला आपण सोयीसाठी ‘पारदर्शक दृश्यपटल’ म्हणू. डोळे पूर्ण झाकून माणसाला कल्पित जगात नेणारी हेल्मेटे निराळी. तेथे सर्वच आभास असल्यामुळे लहानसहान चुका खपून जातात. येथे मात्र आभासाला प्रत्येक क्षणी खऱ्या वस्तूच्या शेजारी उभे राहून तिच्याशी तुलना करून घ्यावी लागते.

हा केवळ कुतूहलाचा विषय असता तर त्यावर एवढे परिश्रम झाले नसते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला रुग्णाच्या शरीरात गाठ नेमकी कोठे आहे हे अशा काचेतून दाखवायचे, तर ती एक सेंटिमीटर अलीकडे भासून चालणार नाही. विमान उतरवणाऱ्या वैमानिकाला आकडे दाखवायचे, तर त्या आकड्यांपायी धावपट्टीवरचे विमान नजरेआड होता कामा नये. म्हणजे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे.

अँटवर्पचा एक ग्रंथ

दोन डोळे मिळून एकच जग कसे दिसते, हा प्रश्न फार जुना आहे. १६१३ साली अँटवर्प येथील प्रसिद्ध प्लांटिन मुद्रणालयातून प्रकाशशास्त्रावरील सहा भागांचा एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक फ्रांस्वा द आगिलाँ हे येशूसंघीय धर्मगुरू होते. ग्रंथाच्या प्रत्येक भागाच्या आरंभी जे चित्र आहे, त्याची रेखाटने थोर चित्रकार रूबेन्स यांनी केली होती. दोन्ही डोळ्यांनी एका बिंदूकडे पाहताना वस्तू एकेरी कोठे दिसतात, त्या स्थानाला फादर आगिलाँ यांनी ‘होरोप्टर’ असे नाव दिले. दृष्टिशास्त्रात ते नाव आजही रूढ आहे.

त्यांतले एक चित्र आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष पाहण्यासारखे आहे. एक वृद्ध विद्वान एक डोळा मिटून समोर धरलेल्या काठीला बोट लावण्याचा प्रयत्न करीत आहे. एका डोळ्याने दिशा कळते, अंतर मात्र नीट कळत नाही, हे त्यातून सुचवायचे आहे. वाचकांनी घरी हा प्रयोग करून पाहावा. कोणाला तरी पेन आडवे धरायला सांगावे, एक डोळा मिटावा आणि बोट बाजूने आणून पेनाच्या टोकाला लावण्याचा प्रयत्न करावा. बोट बहुधा अलीकडून वा पलीकडून निघून जाते. पुढे जवळजवळ चार शतकांनी कॅलिफोर्नियातील एका प्रयोगशाळेत हाच प्रयोग संगणकाच्या साहाय्याने झाला. त्याकडे आपण यथावकाश येऊच.

याच काळात दुसरे एक येशूसंघीय, फादर क्रिस्टोफ शायनर, यांनी १६१९ साली डोळ्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कागदाला जवळजवळ दोन बारीक छिद्रे पाडून त्यांतून सुई पाहिली असता, डोळ्याचे भिंग तिच्या अंतराशी जुळलेले नसल्यास सुई दुहेरी दिसते, हे त्यांनी दाखवले. जवळचे पाहताना डोळ्याच्या आत काहीतरी बदलते, याचा तो पुरावा होता. डोळ्याचा नंबर आपोआप मोजणाऱ्या आजच्या यंत्रांमागेही हेच तत्त्व आहे.

आरसे, भूत आणि नेमबाजी

१८३८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक चार्ल्स व्हीटस्टन यांनी रॉयल सोसायटीपुढे एक निबंध सादर केला. दोन डोळ्यांना दिसणारी चित्रे किंचित वेगळी असतात आणि त्या वेगळेपणातूनच मन खोली जाणते, हे त्यांनी आरशांच्या साध्या यंत्राने सिद्ध केले. त्या यंत्राचे नाव स्टिरिओस्कोप. कागदावरची दोन सपाट रेखाचित्रे त्यातून पाहिली की एक भरीव आकृती समोर उभी राहते. १८५२ साली त्यांनी आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. चित्राचा आकार तोच ठेवून आरशांची मांडणी अशी बदलली की डोळ्यांना अधिक आत वळावे लागेल, तर चित्र लहान झाल्यासारखे वाटते. म्हणजे डोळे किती आत वळले आहेत याचीही मन नोंद ठेवते आणि त्यावरून वस्तूचे माप ठरवते.

येथे दोन क्रिया ध्यानात ठेवल्या पाहिजेत. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात. हे त्यांचे अभिसरण. त्याच वेळी प्रत्येक डोळ्यातील भिंग अधिक फुगीर होते. हे त्याचे समायोजन. निसर्गतः या दोन्ही क्रिया जोडीने चालतात. वय वाढते तशी भिंगाची लवचीकता कमी होते आणि आपल्याला चाळिशी लागते. डोळे वळण्याचे काम मात्र उतारवयातही चालू राहते. या दोन क्रियांची फारकत झाली म्हणजे काय घडते, हा पुढील साऱ्या संशोधनाचा एक कळीचा मुद्दा ठरला.

व्हीटस्टनचे यंत्र डोळ्यांना खऱ्या जगापासून तोडीत होते. खरे आणि आभासी एकत्र दाखवण्याची कला रंगभूमीवर जन्मली. हेन्री डर्क्स यांच्या कल्पनेवरून जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये रंगमंचावर भूत आणले. प्रेक्षक आणि मंच यांच्यामध्ये एक प्रचंड काच तिरपी उभी केलेली होती. मंचाखाली दडलेल्या नटावर प्रखर प्रकाश टाकला की त्याचे प्रतिबिंब काचेपलीकडे, मंचावरच्या नटाशेजारी उभे राही. विशेष असे की मंचावरच्या नटाला ते भूत दिसत नसे. आखून दिलेल्या जागेकडे पाहून त्याला हवेत तलवार चालवावी लागे. आभासाचे स्थान पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते, हा धडा त्यात होता.

डब्लिनचे दुर्बिणी बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० च्या सुमारास या काचेला नवे काम दिले. बंदुकीवर तिरपी काच बसवून तिच्यात, भिंगाच्या मदतीने, नेमाची खूण अशी परावर्तित केली की ती अतिदूर असल्यासारखी दिसावी. लक्ष्यही दूर आणि खूणही दूर. त्यामुळे डोळ्याला दोन अंतरांमध्ये ये-जा करावी लागत नाही, आणि डोके जरा हलले तरी खूण लक्ष्यावरून सरकत नाही. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांत हे तत्त्व सर्रास वापरले गेले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश बुकॅनियर विमानात वैमानिकाच्या समोरच्या काचेवर वेग, उंची इत्यादी माहिती तरंगू लागली.

छतापासून लोंबणारे यंत्र

काच विमानावर बसवलेली होती तोवर ती विमानाबरोबर वळत असे. ती माणसाच्या डोक्यावर बसवून डोक्याच्या हालचालीबरोबर चित्र बदलण्याचे श्रेय आयव्हन सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाला जाते. हार्वर्ड विद्यापीठात असताना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी हे उपकरण उभारले आणि डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत त्यावरील निबंध सादर केला. डोक्याच्या दोन्ही बाजूंस दूरदर्शन संचात असते तशी, पण चिमुकली काचनळी. डोळ्यांपुढे अर्धपारदर्शक आरसे. आणि डोके कोठे आहे, कोठे वळले आहे, हे मोजण्यासाठी थेट छतापर्यंत गेलेला धातूचा दांडा. पाहणाऱ्याला सुमारे सहा फूट व्यासाच्या जागेत हिंडता येई. त्याला खोलीत तरंगणारा, रेषांनी काढलेला घन दिसे. तो त्याच्याभोवती फिरून त्याची दुसरी बाजू पाहू शकत असे.

सदरलँड यांचे मर्म असे, की खोलीचा भास होण्यास दोन डोळ्यांतील फरकाइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाहणारा हलला की चित्र बरोबर त्या मानाने बदलणे. मात्र त्यांच्या यंत्रात एक उणीव होती. घन काचेवर प्रकाशाने रेखलेला असल्याने त्याच्यापुढे हात धरला तरी तो झाकला जात नसे. त्या वेळी ही बाब किरकोळ वाटली असेल. पुढे तिचे महत्त्व कळून आले.

पाहूनही न दिसलेले विमान

दरम्यान मानसशास्त्रज्ञांनी वेगळाच प्रश्न उपस्थित केला. एकाच ठिकाणी दोन दृश्ये दिसत असतील, तर मन दोन्हींकडे लक्ष देऊ शकते काय? १९७५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे उल्रिक नाइसर आणि रॉबर्ट बेक्लन यांनी दोन खेळांची चित्रे एकमेकांवर पाडली. एकात दोन व्यक्ती टाळीचा खेळ खेळत होत्या, दुसऱ्यात काही जण चेंडू एकमेकांकडे टाकीत होते. सांगितलेल्या एका खेळावर लक्ष ठेवणे लोकांना सोपे गेले. परंतु त्याच जागी, त्याच क्षणी चाललेल्या दुसऱ्या खेळात काही विचित्र घडले तरी त्यांना त्याचा जवळजवळ पत्ता लागला नाही. डोळे त्या दिशेलाच होते. मन तेथे नव्हते.

हाच अनुभव १९८० मध्ये अधिक गंभीर रूपात पुढे आला. कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात एडिथ फिशर, रिचर्ड हेन्स आणि त्यांच्या सहकारी यांनी प्रवासी विमाने चालवणाऱ्या अनुभवी वैमानिकांना जमिनीवरच्या कृत्रिम कॉकपिटमध्ये बसवले आणि समोरच्या काचेवरील आकड्यांच्या मदतीने विमान उतरवायला सांगितले. शेवटच्या एका फेरीत धावपट्टीवर आडवे दुसरे विमान दाखवण्यात आले. काचेवरच्या चिन्हांकडे पाहत विमान अचूक खाली आणणाऱ्यांपैकी दोघांना ते विमान दिसलेच नाही. ते निष्काळजी नव्हते. उलट काम अत्यंत चोख करण्याच्या नादात, काचेवरच्या आकड्यांनी त्यांचे लक्ष बांधून ठेवले होते. ग्रब यांच्या युक्तीने डोळ्यांची ये-जा वाचवली होती. पण मनाची ये-जा वाचली नव्हती, आणि डोळ्यांना ती करावी लागत नाही म्हणून तिची आठवणही राहत नव्हती.

१९८० च्या दशकात अमेरिकन अपाची हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना उजव्या डोळ्यापुढे लहान दृश्यपटल देण्यात आले. डावा डोळा मोकळा. एका डोळ्याला रात्रीच्या कॅमेऱ्याचे चित्र आणि दुसऱ्याला प्रत्यक्ष अंधार, अशी ती व्यवस्था. दोन डोळ्यांना अगदीच निराळी दृश्ये दिली की मन त्यांची एकजूट करीत नाही. कधी हे तर कधी ते दृश्य वरचढ होते. डोळ्यांवरील ताणाच्या तक्रारी अनेक वैमानिकांनी नोंदवल्या.

कारखाना आणि इस्पितळ

१९९० च्या सुमारास हे उपकरण युद्धखात्याबाहेर आले. सिएटल येथील बोइंग कंपनीत विमानातील तारांचे जुडगे लांबलचक फळ्यांवर बांधले जात. प्रत्येक प्रकारासाठी वेगळी फळी, वेगळा नकाशा. टॉम कॉडेल आणि डेव्हिड मायझेल यांनी सुचवले, की कामगाराला पारदर्शक दृश्यपटल द्यावे आणि कोऱ्या फळीवर तारेचा मार्ग आभासी रेषेने दाखवावा. १९९२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. खऱ्या जगात आभासाची भर घालणाऱ्या या तंत्राला पुढे जे इंग्रजी नाव रूढ झाले, ते त्यांच्याकडूनच आलेले आहे.

त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मायकेल बजुरा, हेन्री फुक्स आणि र्‍युतारो ओबुची यांनी गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीचे चित्र दूरच्या पडद्यावर न दाखवता तिच्या पोटाच्या जागीच दाखवण्याचा प्रयत्न केला. येथे समोरचे दृश्य काचेतून न येता हेल्मेटवरील कॅमेऱ्यातून येत होते. चित्र योग्य जागी आणले तरी ते पोटाच्या आत आहे असे वाटेना; पोटावर चिकटवलेल्या कागदासारखे ते दिसे. पुढे संगणकाने पोटावर एक आभासी खड्डा रेखाटून त्यातून आत पाहिल्याचा भास निर्माण केला, तेव्हा मनाने ते स्वीकारले. पडद्यावरची जागा गणिताने बरोबर असणे पुरेसे नव्हते. ती बरोबर असल्याची मनाची खात्री व्हायला हवी होती.

त्याच विद्यापीठात रोनाल्ड अझुमा आणि गॅरी बिशप यांनी १९९४ मध्ये विलंबाचा प्रश्न हाती घेतला. समजा, डोके सेकंदाला ५० अंश वेगाने वळत आहे आणि यंत्राला नवे चित्र काढण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात डोके ५ अंश वळून गेलेले असते. हातभर अंतरावर ही चूक पाच-सहा सेंटिमीटर होते. बंद हेल्मेटमध्ये ही गोष्ट कळतही नाही. पारदर्शक काचेत मात्र आभासी वस्तू खऱ्या टेबलावरून घसरल्यासारखी दिसते. अझुमा आणि बिशप यांनी एक लाकडी खोके मांडले आणि त्याच्या कडांशी आभासी रेषा जुळवून पाहिल्या. डोक्याची पुढची हालचाल आधीच ताडण्याची सोय केल्यावर चूक पाच ते दहा पटींनी कमी झाली. विलंबाविषयी पुढे एम्स केंद्रात झालेल्या प्रयोगांतून असे आढळले, की प्रशिक्षित निरीक्षकांना सेकंदाच्या हजाराव्या भागांतील पंधरा-वीस भागांचा फरकदेखील जाणवतो. आपल्या डोळ्यांची आणि मानेची भागीदारी इतकी सूक्ष्म आहे.

सूचकाच्या टोकावरचे सत्य

आता आपण फादर आगिलाँ यांच्या काठीकडे परत येऊ. १९९० च्या दशकात एम्स केंद्रातील स्टीफन एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता: हाताच्या अंतरावर दाखवलेली आभासी वस्तू माणसाला नेमकी कोठे दिसते? सहभागी व्यक्तीच्या डोक्यावर पारदर्शक दृश्यपटल. त्यात रेषांनी काढलेली एक लहानशी आकृती. समोर एक खरा सूचक. त्या व्यक्तीने तो सूचक मागेपुढे सरकवून आकृतीच्या खाली आणायचा आणि ‘येथे’ असे सांगायचे. सूचक कोठे थांबला ते मोजायचे. कधी आकृती एकाच डोळ्याला दाखवली, कधी दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दिले, तर कधी दोन डोळ्यांना व्हीटस्टनप्रमाणे किंचित वेगळी चित्रे दिली. भिंगाला कोणत्या अंतराशी जुळावे लागेल, हेही बदलून पाहिले.

मग त्यांनी आकृतीच्या आसपास एक खरा पृष्ठभाग आणून ठेवला. आकृती जागची हलली नव्हती. संगणकाने तिचे स्थान तसेच राखले होते. तरीही पाहणाऱ्यांना ती आपल्याकडे सरकल्यासारखी वाटली आणि त्यांचे सूचक अलीकडे आले. याचे कारण सदरलँड यांच्या घनात दडलेले होते. जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते, हा आपल्या दृष्टीचा अत्यंत भरवशाचा नियम आहे. आभासी आकृती खऱ्या पृष्ठभागाने झाकली जात नाही. उलट तीच त्याच्यावर उमटलेली दिसते. तेव्हा मन निष्कर्ष काढते, की जी झाकली जात नाही ती पुढेच असली पाहिजे. त्यासाठी डोळ्यांचे अभिसरणही बदलत असावे, असा संशोधकांचा कयास होता.

१९९८ मध्ये एलिस आणि ब्रायन मेंजेस यांनी ३८ सहभागींवर केलेले चार प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. त्यांत वयाचाही विचार होता. ज्यांच्या भिंगाची समायोजनशक्ती चांगली आहे आणि ज्यांची वयपरत्वे ओसरली आहे, त्यांच्या चुका सारख्या नव्हत्या. एकच यंत्र, एकच चित्र, आणि पंचविशीच्या माणसाला ते एके जागी, चाळिशी ओलांडलेल्याला दुसऱ्या जागी! यातून रचनाकारांनी जो धडा घ्यावयाचा तो स्पष्ट होता. सर्वांसाठी एकच ‘सरासरी’ डोळा गृहीत धरून यंत्र बनवणे धोक्याचे आहे.

या प्रयोगांची एक गोष्ट माझ्या मनाला विशेष भावते. सहभागी व्यक्ती सूचक चुकीच्या जागी थांबवते, तेव्हा तिला कोणी ‘चुकलात’ असे म्हणत नाही. तिची चूक जशीच्या तशी टिपून घेतली जाते; कारण ज्ञान तिच्यातच असते. यंत्र बनवणारा आपल्या गणितावर विसंबून राहिला असता, तर आकृती सरकते हे त्याला कधीच कळले नसते. ते सांगण्यासाठी समोर बसलेल्या साध्या माणसाची प्रामाणिक साक्ष लागली.

डोळ्यांची नवी सवय

कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९० च्या दशकात जग उलटे दाखवणारी भिंगे लावून आठ दिवस काढले होते. प्रारंभी पावलोपावली अडखळणारा हात हळूहळू नव्या जगाशी जुळला. १९९८ मध्ये फ्रँक बायोका आणि जॅनिक रोलँड यांनी हाच प्रश्न दृश्यपटलाच्या संदर्भात तपासला. कॅमेऱ्याचे हेल्मेट घातले की कॅमेरे डोळ्यांच्या जागी नसतात; त्यांच्या यंत्रात ते डोळ्यांच्या ६२ मिलिमीटर वर आणि १६५ मिलिमीटर पुढे होते. छिद्रांत खुंट्या बसवण्याचे काम करताना सहभागी प्रथम मंदावले, चुकले, मग हळूहळू सरावले. हेल्मेट उतरवल्यावर मात्र त्यांचा हात काही काळ उलट दिशेने चुकू लागला. देहाने नव्या डोळ्यांचा हिशेब शिकून घेतला होता आणि जुना हिशेब लगेच आठवत नव्हता. असे हेल्मेट उतरवून कोणी तत्काळ मोटार चालवायला बसला, किंवा हाती शस्त्र घेऊन शस्त्रक्रियेला उभा राहिला, तर काय होईल, ही चिंता त्यातून उभी राहिली.

अभिसरण आणि समायोजन यांच्या फारकतीचा प्रश्नही सुटलेला नव्हता. दृश्यपटलात चित्राचे अंतर डोळ्यांना वळवून दाखवले जाते, पण भिंगाला मात्र एकाच ठरावीक अंतराशी जुळून राहावे लागते. २००८ मध्ये बर्कली येथील मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या अंतरांवर चित्र दाखवू शकणारे यंत्र बांधले. या फारकतीमुळे दोन चित्रे एकत्र होण्यास वेळ लागतो आणि डोळे थकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

बाजारात आणि रणांगणावर

त्यानंतरचा इतिहास वाचकांपैकी अनेकांनी वर्तमानपत्रांतून वाचला असेल. २०१३ मध्ये गूगल कंपनीने एका डोळ्यापुढे लहान काच असलेला चष्मा मर्यादित प्रमाणात विकायला काढला. जानेवारी २०१५ मध्ये त्याची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. मायक्रोसॉफ्टचे होलोलेन्स हे उपकरण २०१६ मध्ये आले, त्याची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि तिचे उत्पादन २०२४ मध्ये बंद करण्यात आले. अमेरिकन सैन्यासाठी त्याच धर्तीवर दृश्यपटले बनवण्याचा, दहा वर्षांत २१.९ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणारा करार २०२१ मध्ये झाला होता. २०२२ च्या चाचण्यांत सैनिकांनी डोकेदुखी, डोळ्यांवर ताण आणि मळमळ अशा तक्रारी केल्या. इतक्या पैशापुढे आणि इतक्या वर्षांनंतरही डोळा आपले म्हणणे सोडीत नाही!

दुसरीकडे, पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेत डॉक्टरला रुग्णाच्या त्वचेखालील मणके दाखवणाऱ्या एका दृश्यपटलाला अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढच्या वर्षी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्याचा वापर झाला. म्हणजे मार्ग बंद झालेला नाही. तथापि २०२० मध्येच इटलीतील पिसा येथील संशोधकांनी एक सावध करणारा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पट्टी आणि पेन देऊन ठिपके रेषेने जोडायला सांगितले. सामान्य बाजारात मिळणारे दृश्यपटल लावून आभासी ठिपके जोडताना हाताची अचूकता उघड्या डोळ्यांनी कागदावरचे ठिपके जोडण्यापेक्षा कमी भरली. हाताच्या अंतरावरील अतिसूक्ष्म कामासाठी हे यंत्र बनलेलेच नव्हते, कारण त्याचे चित्र दूरच्या अंतराशी जुळवलेले होते. जे उपकरण कारखान्यात उपयुक्त ठरेल, ते तसेच्या तसे शस्त्रक्रियागृहात नेता येत नाही.

समारोप

या साऱ्या इतिहासातून काय हाती लागते? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली अशी, की दृष्टी म्हणजे डोळ्यांच्या कॅमेऱ्यात उमटलेली नुसती छबी नव्हे. डोळ्यांचे वळणे, भिंगाचे फुगणे, मानेची हालचाल, कोणी कोणाला झाकले याचा हिशेब आणि मागचा सराव, या सर्वांच्या साक्षी घेऊन मन निवाडा करीत असते. एरवी या साक्षी एकमुखी असतात, म्हणून आपल्याला त्यांचे अस्तित्वही जाणवत नाही. पारदर्शक काचेने त्यांच्यात मतभेद घडवून आणला, आणि त्यामुळेच त्या प्रथमच वेगवेगळ्या ऐकू आल्या.

दुसरी गोष्ट, लक्षाला मर्यादा आहे. काच कितीही स्वच्छ असली तरी मन एका वेळी एकीकडेच असते. हे वैमानिकांपुरते खरे नाही. हातातल्या चिमुकल्या पडद्याकडे पाहत रस्ता ओलांडणाऱ्या आपल्या मुलामुलींना, आणि जेवणाच्या पाटावर तोच पडदा समोर ठेवणाऱ्या आपल्यालाही, ते लागू आहे. समोरचा माणूस दिसत असतो. पण धावपट्टीवरच्या त्या विमानासारखा तो आपल्यापर्यंत पोहोचत नाही. पुढेमागे हे पडदे चष्म्यांत येऊन कायमचे डोळ्यांपुढे राहिले, तर हा प्रश्न अधिकच निकडीचा होईल.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. या क्षेत्रात खरी प्रगती झाली ती यंत्राने माणसाला शिस्त लावली म्हणून नव्हे. संशोधकांनी वैमानिकाला, कामगाराला, चाळिशी लागलेल्या साध्या स्वयंसेवकाला समोर बसवून विचारले, ‘तुम्हाला काय दिसते?’ आणि त्याचे उत्तर आपल्या गणिताविरुद्ध गेले तरी ते मानून घेतले. अँटवर्पच्या फादर आगिलाँ यांच्या चित्रातील वृद्ध विद्वान एक डोळा मिटून काठीकडे बोट नेतो, तेव्हा तो स्वतःच्या दृष्टीची परीक्षा घेत असतो. ज्याला आपले डोळे फसू शकतात हे ठाऊक आहे, तोच दुसऱ्याला काय दिसते हे विचारायला थांबतो.